शाम्पूच्या पुड्या कोण गोळा करणार?

प्लास्टिक प्रदूषणाविरुद्धच्या जागतिक कराराच्या जिनिव्हातील वाटाघाटी ऑगस्ट २०२५ मध्ये निष्फळ ठरल्या. उत्पादनालाच मर्यादा घालावी ही अनेक देशांची मागणी तेलउत्पादक देशांनी मानली नाही, याचे फार वाईट वाटते. घातक कचऱ्याच्या देशादेशांतील वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या बासेल करारातील दुरुस्तीमुळे २०२१ पासून मिश्र प्लास्टिक कचरा पूर्वसंमतीशिवाय दुसऱ्या देशात पाठवता येत नाही. पण पंचगंगेतला कचरा आपलाच आहे. पंचगंगेला मिळणारा जयंती नाला फुगला की शाम्पूच्या पुड्या, वेफर्सची पाकिटे वाहत येऊन काठच्या झुडपांना लटकतात. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर चिकटवलेली ही पाकिटे भंगारवालाही घेत नाही. त्यांची विल्हेवाट ही नियमाने उत्पादक कंपन्यांची जबाबदारी आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोल्हापुरात त्याचा हिशेब मागावा आणि तो जाहीर करावा.

– एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर