उबवणीतला दोष कोंबडीचा नसतो

महोदय,

उन्हाळा लागला की ‘खुडूक (अंडी उबवायला बसू पाहणारी कोंबडी) बसवली, पण बारा अंड्यांतली चारच पिल्ले निघाली’ ही रड गावोगाव ऐकू येते आणि खापर कोंबडीवर फुटते. बहुतेक वेळा घोळ अंडी तिच्याखाली ठेवण्याआधीच झालेला असतो. सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे टॉर्च धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर गर्भ जिवंत आहे. अंडे नुसतेच स्वच्छ, पिवळट दिसले तर ते फलितच झालेले नाही, म्हणजे कोंबड्याकडे बघायला हवे. 8 ते 10 कोंबड्यांमागे एक नर पुरतो. त्याहून जास्त माद्या असल्या किंवा नर थकला असला की अशी अंडी वाढतात.

रक्ताचे कडे दिसले तर मात्र गर्भ धरून मेलेला आहे. याला कारण बहुधा साठवण. साधारण 21 अंशांच्या वर अंड्यात वाढ अर्धवट सुरू होते. चुलीजवळच्या फळीवर एप्रिलमध्ये पंधरवडाभर अंडी साठवली तर दुसरे काय होणार? माठाखालच्या ओल्या वाळूवर टोपली ठेवावी, अंड्याचे निमुळते टोक खाली करावे आणि उन्हाळ्यात 4-5 दिवसांपेक्षा जुने अंडे बसवू नये. धुवायचे तर मुळीच नाही, कवचावरचे संरक्षक आवरण त्याने जाते.

एका खुडुकीखाली 10 ते 12 अंडी पुरेत. तिच्या अंगावर उवा असतील तर ती वारंवार उठते आणि अंडी थंड पडतात. म्हणून बसवण्यापूर्वी तिचे अंग तपासावे व जवळ राख ठेवावी. दिवसातून एकदा ती दाणापाण्याला उतरते, ते चालते.

एकच कोंबडा वर्षानुवर्षे ठेवला की तो स्वतःच्याच तलंगांवर, म्हणजे वयात आलेल्या लेकींवर येतो. मग पिल्ले कवचातच मरतात किंवा अशक्त निघतात. दोन घरांनी दरवर्षी नरांची अदलाबदल केली तर खर्च शून्य. फक्त एक लक्षात ठेवावे: जुन्या नराचे बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवड्यांपर्यंत टिकते, म्हणून बदल केल्यावर तीन आठवड्यांनंतरचीच अंडी बसवावीत. वनराज, गिरिराजसारख्या सुधारित पक्ष्यांची घरी पैदास करून आई-बापांइतकी अंडी व वजन मिळत नाही. तिथे पिल्ले दरवेळी नवीनच आणावी लागतात.

— एक कोंबडीपालक, जि. सातारा