येमेनबद्दल, समुद्रावरच्या मुलाला

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "या येमेनवाल्यांना भांडणाशिवाय दुसरं काही येतच नाही." तुझा राग मी समजू शकते. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे तुमच्या जहाजाला आफ्रिकेला वळसा घालावा लागतो. २०२४ च्या मार्चमध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स' या मालवाहू जहाजावरचे तीन खलाशी मारले गेले, तेव्हा माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. हूथींनी, म्हणजे उत्तर येमेनमधल्या बंडखोरांनी, पोटासाठी समुद्रावर गेलेल्या माणसांवर क्षेपणास्त्रं सोडली, त्याचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण तुझं ते वाक्य मनातून जाईना. जन्मभर इतिहास शिकवला, आता पोटच्या पोराला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

येमेनचं एडन बंदर आपल्याला तसं परकं नाही. १८३९ मध्ये कॅप्टन हेन्सने ते ईस्ट इंडिया कंपनीसाठी घेतलं आणि नव्वदहून अधिक वर्षं त्याचा कारभार मुंबईतून चालला. बाजारात रुपया चालायचा. वासुदेव बळवंत फडक्यांना जन्मठेपेवर तिथेच धाडलं. १८८३ च्या फेब्रुवारीत ते तुरुंगातून निसटले, पुन्हा पकडले गेले आणि त्याच महिन्यात तिथेच वारले. आपल्या पुस्तकात एडनची गोष्ट इथे संपते. तिथल्या लोकांची मात्र पुढे चालूच राहिली. १९६७ मध्ये त्यांनी लढून इंग्रजांना घालवलं आणि दक्षिण येमेन उभा केला. अरब जगातलं ते एकमेव मार्क्सवादी राज्य. तिथे बायका न्यायाधीश झाल्या, १९७४ च्या कायद्याने बहुपत्नीत्वावर कडक बंधनं आली. उत्तरेत १९६२ पर्यंत इमामांची सत्ता होती. ती उलथवून प्रजासत्ताक आलं, पण इजिप्त एका बाजूने आणि सौदी दुसऱ्या बाजूने उतरल्यामुळे त्याला आठ वर्षं युद्धातच काढावी लागली.

दक्षिणेचं ते राज्य आतून फुटलं. १३ जानेवारी १९८६ ला एडनमध्ये पॉलिटब्युरोची, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या सर्वोच्च समितीची, बैठक होती. सदस्य टेबलाभोवती जमले होते, अध्यक्ष अली नासर मुहम्मद मात्र आलेच नाहीत. आले ते त्यांचे अंगरक्षक, आणि त्यांनी बसल्या जागी गोळ्या झाडल्या. पुढच्या काही दिवसांत हजारो माणसं मेली. हे सगळे एकाच पक्षाचे, इंग्रजांविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेले. त्या धक्क्यातून पक्ष सावरला नाही, सोव्हिएत मदतही आटत गेली, आणि २२ मे १९९० ला दोन्ही येमेन एक झाले.

माझ्या मते या देशाचं खरं दुखणं याच एकीकरणात आहे. कागदावर देश एक झाला, उत्तरेचे अली अब्दुल्ला सालेह राष्ट्राध्यक्ष आणि दक्षिणेचे अली सालिम अल-बीद उपाध्यक्ष झाले, पण सैन्यं दोनच राहिली. उलट एकमेकांच्या मुलखात तुकड्या नेऊन ठेवल्या. त्याच वर्षी सुरक्षा परिषदेत येमेनने कुवेत बळकावणाऱ्या इराकवरच्या कारवाईविरुद्ध मत दिलं. चिडलेल्या सौदीने सुमारे आठ लाख येमेनी कामगारांना परत जायला भाग पाडलं. विचार कर, आखाती मनिऑर्डरींवर चालणारी गावंच्या गावं, आणि कमावते हात एकदम रिकामे होऊन दारात आलेले.

तरीही १९९३ मध्ये त्या लोकांनी बहुपक्षीय निवडणूक घेतली. १९९४ च्या फेब्रुवारीत दोन्ही नेत्यांनी जॉर्डनमधल्या अम्मानमध्ये समझोत्यावर सह्याही केल्या. एप्रिलअखेर उत्तर येमेनमधल्या अम्रानमध्ये एकमेकांशेजारी ठेवलेल्या त्याच तुकड्यांचे रणगाडे भिडले, आणि ७ जुलैला एडन उत्तरेच्या हाती पडलं. दक्षिणेच्या अधिकाऱ्यांना सक्तीने घरी बसवलं. २००७ मध्ये हेच निवृत्त सैनिक पेन्शनसाठी रस्त्यावर आले आणि त्यातून दक्षिणेची चळवळ उभी राहिली. जिंकणाऱ्याने तेव्हा थोडा मोठेपणा दाखवला असता, तर पुढचं बरंच टळलं असतं असं मला मनापासून वाटतं.

२०११ मध्ये सालेह यांच्या सत्तेविरुद्ध राजधानी सनाच्या चौकात लोकांनी तंबू ठोकले. जिथे घरोघरी बंदूक, तिथले टोळीवाले बंदुका घरी ठेवून तिथे येऊन बसले. त्या आंदोलनातल्या कार्यकर्त्या तवक्कुल कर्मान यांना त्याच वर्षी शांततेचं नोबेल मिळालं. पुढे राष्ट्रीय संवाद परिषदेत ५६५ प्रतिनिधी बसले, त्यात सुमारे तीस टक्के स्त्रिया. कुठल्या अरब देशाने एवढा मोठा खुला संवाद केला होता? पण पायउतार होताना सालेहना खटल्यापासून अभय मिळालं होतं आणि सैन्यातली त्यांची माणसं जागच्या जागी होती. ज्यांच्याशी सहा युद्धं केली त्या हूथींशीच त्यांनी हात मिळवला. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये सना हूथींच्या ताब्यात गेलं. २०१७ मध्ये हूथींनीच त्यांना मारलं.

२०१५ च्या मार्चपासून सौदीची विमानं हूथींविरुद्ध बॉम्ब टाकू लागली. २०२१ अखेरपर्यंत ३ लाख ७७ हजार मृत्यू झाल्याचा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे. त्यातले निम्म्याहून जास्त भूक, रोगराई आणि उपचारांअभावी. लहान मुलं सर्वांत जास्त.

म्हणून सांगते, तुमच्यावर क्षेपणास्त्र सोडणारा आणि बंदूक घरी ठेवून चौकात बसलेला, या दोघांना एका मापाने मोजू नकोस. दुसऱ्याला त्याच्याच देशात कोणी बोलू दिलं नाही. आता निदान आपण तरी त्याला विसरू नये.

पुढच्या बंदरातून फोन कर. औषधं वेळेवर घे.

तुझी,
आई