‘सेरेनिटी’ला फ्लॉप म्हणताना डीव्हीडीचा हिशोबही मांडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत थिएटरमध्ये आपटलेल्या सायन्स फिक्शन सिनेमांवर लेख आला होता, त्यात ‘सेरेनिटी’ या २००५ च्या अमेरिकन सिनेमाचं नाव बघितलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. लेखात त्याच्याबद्दल एवढंच, की बजेट एवढं, कमाई एवढी, पुढचा भाग आला नाही, संपला विषय. आकडे खोटे नाहीत, खर्च साधारण ४ कोटी डॉलर आणि जगभरच्या थिएटरमधून गल्ला जवळपास तेवढाच, त्यातून थिएटरवाल्यांचा वाटा वजा केला की निर्मात्याला तोटाच दिसणार. पण हा सिनेमा मुळात बनला तोच डीव्हीडी विकल्या गेल्या म्हणून, आणि आज वीस वर्षांनंतरही लोक तो बघतायत तेही बरंचसं डिस्कमुळे, आणि लेखात होम व्हिडिओबद्दल एक अक्षर नाही. मला हे खटकलं.

ज्यांनी काहीच बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं आधीपासून सांगते. ज्या मालिकेवरून हा सिनेमा निघाला ती ‘फायरफ्लाय’ अमेरिकेत फॉक्स चॅनेलवर २० सप्टेंबर २००२ ला सुरू झाली. काळ पाचशे वर्षांनंतरचा, यादवी युद्धात हरलेल्या बाजूचा एक सार्जंट माल्कम रेनॉल्ड्स जुनं मालवाहू यान घेऊन मिळेल ते काम करत फिरतो, कधी माल पोचवायचा, कधी प्रवासी घ्यायचे, कधी सरळ चोरी, आणि यानात सगळी मिळून नऊ माणसं. परग्रहवासी कुणी नाही. घोडे आहेत, बंदुका आहेत, धूळ आहे, आणि राग आला की सगळे चिनी भाषेत शिव्या घालतात. मालिका रचणाऱ्या जॉस व्हेडनने दोन तासांचा पहिला भाग करून दिला होता, त्यात कोण कुठून आलं, कुणाचं कुणाशी काय नातं हे सगळं नीट उलगडतं. चॅनेलला तो पसंत पडला नाही, त्यांनी सुरुवातीला दुसराच भाग मागितला, तो एका वीकेंडमध्ये लिहिला गेला आणि तोच आधी लागला, पुढचेही भाग क्रम सोडून दाखवले, आणि वार कुठला तर शुक्रवार रात्र. मूळचा पहिला भाग शेवटी लागला २० डिसेंबर २००२ ला, मालिका बंद करायचं ठरल्यानंतर! १४ भाग तयार होते, त्यातले ११ च दाखवले. अशा वेळी प्रेक्षकाला काय कळणार आणि रेटिंग कुठून येणार, तुम्हीच सांगा.

मग ९ डिसेंबर २००३ ला मालिकेच्या डीव्हीडींचा चार डिस्कचा संच आला. त्यात १४ च्या १४ भाग, आणि व्हेडनला हवा होता त्या क्रमाने. लोकांनी मालिका पहिल्यांदा खऱ्या अर्थाने तेव्हा बघितली, आणि विकत घेतली, दुसऱ्याला भेट दिली, त्याने तिसऱ्याला उसनी दिली असं करत तो संच इतका खपला की युनिव्हर्सल स्टुडिओ बंद पडलेल्या मालिकेवर सिनेमा काढायला तयार झाला. रेटिंग मोजणाऱ्यांना जे प्रेक्षक सापडलेच नव्हते ते दुकानाच्या काउंटरवर सापडले. अजून एक गोष्ट मला फार आवडते, सिनेमासाठी यानाचा आतला भाग पुन्हा पहिल्यापासून उभारायची वेळ आली तेव्हा सेटवाल्यांनी त्या डीव्हीडीमधली चित्रं समोर ठेवून काम केलं. म्हणजे पैसा उभा राहिला तोही डिस्कमुळे आणि यान उभं राहिलं तेही डिस्क बघून.

सिनेमा ३० सप्टेंबर २००५ ला अमेरिकेत लागला. त्याआधी मे महिन्यापासूनच तिथल्या वेगवेगळ्या शहरांत खास खेळ ठेवले होते आणि ते हाऊसफुल जात होते, सगळ्यांना वाटलं आता चाललंच, पण पहिल्या आठवड्यात दुसऱ्या नंबरवर आला आणि मग गळत गेला. मालिका न बघितलेला नवा प्रेक्षक फारसा आलाच नाही, हे खरं कारण असावं असं मला वाटतं. आणि तीन महिनेही व्हायच्या आत, २० डिसेंबर २००५ ला, डीव्हीडी आली. तारीख बघितलीत ना? पहिला भाग ज्या दिवशी टीव्हीवर सगळ्यात शेवटी लागला होता त्याला बरोबर तीन वर्षं.

त्या डिस्कवर काय आहे हेही लेखात यायला हवं होतं. दिग्दर्शकाची कॉमेंट्री, म्हणजे सिनेमा चालू असताना त्याबद्दल केलेलं बोलणं, आहे, कापलेले प्रसंग आहेत, शूटिंगमधल्या गमती आहेत, मालिकेतून सिनेमा कसा झाला यावरचे छोटे माहितीपट आहेत. सिनेमाची सुरुवात आठवा, आधी शाळेचा वर्ग, मग कळतं तो वर्ग म्हणजे प्रयोगशाळेत खुर्चीला जखडलेल्या रिव्हरच्या, म्हणजे यानातल्या नऊ जणांपैकी एका मुलीच्या, डोक्यातलं चित्र आहे, मग कळतं तिची सुटका हेसुद्धा कुणीतरी बघत असलेलं रेकॉर्डिंग आहे, आणि त्यानंतर यानात शिरल्यावर कॅमेरा कॅप्टनच्या मागे मागे एका दमात सगळ्या खोल्यांतून फिरतो आणि एकेक माणूस भेटत जातं. नवख्या प्रेक्षकाला तेव्हा यानात असलेल्या सगळ्यांची ओळख पाच मिनिटांत करून द्यायची आणि जुन्या प्रेक्षकाला कंटाळा येऊ द्यायचा नाही, ही केवढी अवघड गोष्ट आहे. सलग वाटणाऱ्या त्या शॉटमध्ये जिन्यापाशी एक कट लपवलेला आहे कारण वरचा आणि खालचा मजला वेगवेगळे बांधले होते. हे एकदा कळलं की तो प्रसंग पुन्हा मागे नेऊन बघावासा वाटतोच. २००७ मध्ये दोन डिस्कची कलेक्टर्स एडिशन आली, तिच्यात कलाकारांसोबतची आणखी एक कॉमेंट्री आहे आणि सिनेमाच्या आधी इंटरनेटवर सोडलेल्या रिव्हरच्या छोट्या क्लिप्सही आहेत. ऑनलाइन भाड्याने सिनेमा घेतला तर सहसा फक्त सिनेमा मिळतो, हा सगळा ऐवज मिळत नाही.

एप्रिल २००६ मध्ये एचडी डीव्हीडी नावाचा डिस्कचा नवा प्रकार अमेरिकेत बाजारात आला तेव्हा पहिल्या दिवसाच्या मोजक्या सिनेमांत ‘सेरेनिटी’ होता. तो प्रकार २००८ च्या सुरुवातीलाच बंद पडला, ब्लू-रे हा त्याच्या स्पर्धेतला डिस्कचा प्रकार जिंकला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी ‘सेरेनिटी’ ब्लू-रेवरही आला, २०१७ मध्ये त्याहून स्पष्ट चित्राची फोर-के डिस्कही. ज्या सिनेमाला गिऱ्हाईक नाही तो कोणी चार-चार वेळा बाजारात आणेल का?

आणि ही डिस्क खरोखर अंतराळात जाऊन राहिलीय. जून २००७ मध्ये अटलांटिस यानातून गेलेले अंतराळवीर स्टीव्हन स्वॉन्सन यांनी मालिकेच्या आणि सिनेमाच्या डीव्हीडी सोबत नेल्या आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या संग्रहात ठेवल्या. सुनीता विल्यम्स पहिल्या मुक्कामाहून परत आल्या त्या याच अटलांटिसच्या फेरीने, त्यामुळे आपल्याकडे ती फेरी टीव्हीवर किती जणांनी डोळ्यात तेल घालून बघितली होती. त्याच यानातून ‘सेरेनिटी’ वर गेला होता हे आपल्या वाचकांना सांगायला हवं की नको?

शिवाय २००६ पासून चाहते वेगवेगळ्या शहरांत या सिनेमाचे खेळ लावून स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी पैसे गोळा करत आलेत. सिनेमाची कथाही बघा ना, शेवटचा सगळा झगडा एका रेकॉर्डिंगसाठी आहे, सरकारने दडपलेलं रेकॉर्डिंग सगळ्या लोकांपर्यंत पोचवायचं, आणि त्यासाठी त्या यानातली माणसं जिवावर उदार होतात. कोण जातं ते नाही सांगत, नव्याने बघणाऱ्यांचा विरस नको.

माझी विनंती साधी आहे. सिनेमाच्या पानावर थिएटर आणि ओटीटीसोबत डिस्कवर काय नवं येतंय याला एक छोटा चौकोन द्या, आठवड्याला नाही जमलं तर महिन्याला. आणि जुन्या सिनेमाला हिट-फ्लॉपचा शिक्का मारताना होम व्हिडिओवर त्याचं पुढे काय झालं तेही लिहा.

वाचकांपैकी कुणाला घ्यायचाच असेल तर आधी मालिका बघा मग सिनेमा, उलटं करू नका. डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेयरवर चालेल ते तिच्या रीजनवरून, म्हणजे विभागावरून, ठरतं; अमेरिकेतली डीव्हीडी तिथल्या रीजन १ ची असते आणि आपला रीजन ५, त्यामुळे इथल्या साध्या प्लेयरवर ती चालत नाही, पैसे वाया जातील. ब्लू-रे घेतानाही मागच्या बाजूचं अक्षर बघून घ्या, आपला विभाग सी आहे आणि अमेरिकेचा ए. फोर-के डिस्कला रीजनचं बंधन नसतं, पण तिला फोर-केचाच प्लेयर लागतो.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे