भय सोडा म्हणणाऱ्यांनी एकदा काटा धरावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला आध्यात्मिक वाढीवरचा लेख सोमवारी वाचला. (आमच्या गावात पुरवणी दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने येते, तीही कोणी वाटेत डबा गुंडाळायला घेतली नाही तर.) लेखक विद्वान आहेत, भाषा गोड आहे, सात आठवड्यांत चढायच्या सात पायऱ्या नीट क्रमाने लावल्या आहेत. त्याबद्दल अभिनंदन. पण देवाचे भय ही जुन्या, अडाणी श्रद्धेची खूण आहे, आता ख्रिस्ती माणसाने त्यातून बाहेर यावे, हे वाचल्यावर मात्र पेपर खाली ठेवला. काल दिवसभर तेच डोक्यात होते, म्हणून आज लिहायला बसलो.

पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते, हे योहानाच्या पत्रातले वचन त्यांनी दिले आहे. खरेच आहे ते. पण निर्गमाचा विसावा अध्यायही त्याच बायबलात आहे. तिथे सीनाय डोंगराखाली थरथरणाऱ्या लोकांना मोशे एका दमात दोन गोष्टी सांगतो. भिऊ नका, आणि देवाचे भय तुमच्यापुढे राहो म्हणजे तुम्ही पाप करणार नाही. यातली एकच गोष्ट उचलायची आणि दुसरी अडाणी ठरवायची, याला कोणती पायरी म्हणायचे?

लेवीयाचा १९ वा अध्यायही त्यांनी जरा उघडावा. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको, आपल्या देवाचे भय बाळग. बहिऱ्याला ऐकू येत नाही आणि आंधळ्याला दिसत नाही, म्हणजे तुम्हाला पकडणारे कोणीच नाही. नेमके तिथेच भयाचे नाव घेतले आहे. त्याच अध्यायाच्या शेवटी खरा काटा आणि खरी वजने येतात. आम्हा कापूसवाल्यांना हे समजायला पायऱ्या लागत नाहीत.

मी आठवीत होतो. सरकारची कापूस एकाधिकार खरेदी सुरू होऊन दोन-तीन वर्षे झाली असतील. आमचे चार एकर. वेचणीला गावातल्या बाया यायच्या, मजुरी किलोवर. संध्याकाळी धुऱ्यावरच्या निंबाच्या फांदीला काटा टांगायचा, बाया एकेक करून गाठोडे लावायच्या, बाबा वजन बोलायचे आणि मी वहीत लिहायचो. एक म्हातारी होती. तिला अक्षरओळख नव्हती, आकडाही लक्षात राहायचा नाही. बाबा ‘तेरा’ म्हणाले, मी अकरा लिहिले. कोणी सांगितले नव्हते. घरचे पैसे वाचवले म्हणून मनातून बरेच वाटले होते, खोटे कशाला बोलू.

रात्री बैलगाडीत भरताना बाबांनी ढीग पुन्हा तोलला. वहीपेक्षा दोन किलो कापूस जास्त भरला. त्यांनी वही कंदिलाजवळ नेली, एकेका नावावर बोट फिरवले आणि मान वर न करता विचारले, “कोनाचा मारला?”

मी सांगितले. मला वाटले, आता थोबाडीत बसते. त्यांनी चप्पल घातली, कंदील उचलला, मला पुढे घातले. म्हातारी चुलीपाशी भाकर थापत होती. तिला माझ्याकडून सगळे सांगायला लावले आणि पैसे तिच्या हातात ठेवायला लावले. दोन किलोच्या वेचणीचे पैसे ते किती असणार! म्हातारी आभार मानायचे सोडून बाबांवरच चिडली. “एवढ्या राती पोराले अंधारातून आनलं काजी? सकाळी नसतं चाललं?”

“सकाळपावतर नाही ठेवता येत,” बाबा एवढेच म्हणाले.

परत येताना धुऱ्यापर्यंत दोघेही गप्प. मग म्हणाले, “तिले वाचता येत नाही म्हनून तुह्यं भागलं. त्याले येते ना वाचता.” मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवू नको, हे वाक्य लेवीयाच्या त्याच अध्यायात बहिऱ्या-आंधळ्याच्या अगदी वर आहे, हे मला पुढे कित्येक वर्षांनी दिसले. बाबा त्या देवाला घाबरून दाराआड लपणारे नव्हते. शेतात एकटे असले की त्याच्याशी मोठ्याने बोलायचे, भांडायचेसुद्धा. पण दोन किलो कापूस घरात ठेवून त्यांना झोप आली नसती.

आता आमच्याच मंडळीतले एक गृहस्थ बघा. रविवारच्या उपासनेत प्रार्थनेला उभे राहिले की दहा मिनिटे बसत नाहीत, डोळ्यांतून पाणी काढतात. यांच्या वेचणीचा हिशेब दिवाळीचा नाताळावर जातो, वर कापसात ओल आहे म्हणून किलोमागे कट्टी. (पहाटेचा दवाचा कापूस जड भरतो, कबूल. पण हे दुपारच्या कापसालाही दव लावतात.) आपल्या लेखाचे कात्रण त्यांनी दोघाचौघांना वाचून दाखवले. त्यांना तो फार आवडला आहे.

राहिली वाढ. मार्काच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू सांगतात की माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, ते कसे वाढते हे त्याला कळत नाही. आधी पाते, मग कणीस, मग भरला दाणा. सात आठवड्यांत वाढ दाखवा, असा हिशेब तिथे नाही. लेखात कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे उदाहरण आहे, म्हणून विचारतो. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षे कोणत्या पायरीत बसवणार? ज्या यवतमाळात १९५३ पासून तीस वर्षे बायबल सेमिनरी (पाळक घडवणारे विद्यालय) होती, तिथल्या वाचकांना ख्रिस्ती धर्म शिकवताना थोडी तरी तपासणी व्हावी, एवढेच म्हणणे आहे.

लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आपल्या अंकात पुढाऱ्यांच्या ‘हार्दिक शुभेच्छा’ छापू नयेत. त्या दिवशी आम्ही दुपारी बारा ते तीन प्रभू येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन करत बसतो. कोणाच्या घरी मयत झाली तर आपण शुभेच्छा देतो का? ईस्टर दोनच दिवसांनी असतो, तेव्हा खुशाल छापा. जाहिरातीचे पैसे तेवढेच मिळतील.

पत्र छापल्यास नाव घालू नये. वर ज्यांचा उल्लेख केला ते गृहस्थही आपलाच पेपर घेतात.

आपला,
एक जुना वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ