शनिवारच्या ॲप्लिकसाठी कापड तयार करून आणा

मैत्रिणींनो, शनिवारी दुपारी ३ वाजता क्रिकट मेकरवर, म्हणजे कापडाचे आकार कापणाऱ्या यंत्रावर, ॲप्लिकचे (गोधडीवर लावायच्या कापडी नक्षीचे) तुकडे कापायचे आहेत. सुती कापड धुऊन, वाळवून, कडक इस्त्री करूनच आणा. कोरं कापड नंतर आटतं आणि गोधडीवरचं फूल चुरगळतं. यंत्रात कापड धरून ठेवणारी चिकट मॅट १२ इंची आहे, तुकडा त्याहून मोठा नको. गोल फिरणारं पातं नुसतं कापडही कापतं, पण पाऊण इंचाहून बारीक नक्षी त्याला झेपत नाही. तशी हवी असेल तर कापडामागे फ्यूजिंग (उष्णतेने चिकटणारा थर) इस्त्रीने लावा आणि त्याचा कागद काढूनच आणा. त्यासाठी वेगळं पातं लावू. गुलाबी मॅटवर उगाच बोटं फिरवू नका, हाताच्या तेलाने तिची पकड जाते. जरीचे काठ मात्र कात्रीनेच कापायचे, कितीही आग्रह केलात तरी! येणार असाल तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत इथेच कळवा.