सूचना : शनिवारी बायोडेटा तपासणी आणि सराव मुलाखती

सर्व सदस्यांनो, येत्या शनिवारी सकाळी १० वाजता विभागाच्या ग्रंथालयात बायोडेटा तपासणी आणि सराव मुलाखती आहेत. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आधी वेळ मिळेल.

• बायोडेटा एकाच पानाचा. दोन छापील प्रती आणा.
• स्वतः केलेल्या एका कामाबद्दल बोलायची तयारी ठेवा: प्रसंग काय होता, जबाबदारी कोणती, तुम्ही नेमकं काय केलं, त्यातून काय निष्पन्न झालं. ‘आम्ही केलं’ एवढ्यावर थांबू नका. समोरच्याला तुमचा वाटा ऐकायचा असतो. बरेच जण इथेच अडखळतात, म्हणून आधी मोठ्याने बोलून बघा.
• गुरुवारी रात्रीपर्यंत गटावर नाव कळवा.

पहिल्या वर्षाच्या मुलामुलींनो, बायोडेटात लिहिण्यासारखं काही नाही म्हणून मागे राहू नका. नुसतं ऐकायला आलात तरी चालेल.