शुद्ध नव्हती, पण सही केली तेव्हा होती

संपादक महोदय, स.न.वि.वि.

माझा धाकटा भाऊ द्राक्षाच्या पेट्या भरलेला टेम्पो तासगावहून सांगलीला आणत होता. कवलापूरजवळ त्याला फिट आली आणि टेम्पोने एका सायकलस्वाराला उडवले. त्या गृहस्थांचा पाय कायमचा अधू झाला. भावाला यातले काहीच आठवत नाही आणि तो खोटे बोलत नाही, हे मी जाणते.

घरचे म्हणतात, शुद्धच नव्हती तर गुन्हा कसला? मला ते पटत नाही. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये फेफरे येते का, अचानक शुद्ध हरपते का, असे सरळ विचारलेले असते. त्याने 'नाही' लिहून सही केली. सीझनच्या धावपळीत चार दिवस गोळ्याही घेतल्या नव्हत्या.

कायदाही असाच मागे जाऊन पाहतो. भारतीय न्याय संहितेचे कलम २२ (जुन्या भारतीय दंड संहितेतले ८४) मनोविकलतेमुळे कृत्य न उमगणाऱ्याला सोडते. पण कलम २३ नशेची सबब तेव्हाच मानते, जेव्हा ती नकळत किंवा इच्छेविरुद्ध दिलेली असते. कॅनडात झोपेत गाडी चालवत जाऊन सासूचा जीव घेणाऱ्याची निर्दोष मुक्तता तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये कायम ठेवली. माझ्या भावाला मात्र स्वतःचा आजार ठाऊक होता.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून देताना 'तुम्ही काय चालवता?' हेही विचारावे, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग, सांगली